बूस्टर उतरवलेली पद्मिनी

(बॉनेट उघडतं. परळच्या गल्लीतलं गॅरेज.)

हा काळा गोल डबा म्हणजे ब्रेकचा बूस्टर. इंजिनाच्या ओढीवर चालतो आणि पायाचं जोर लावायचं काम हलकं करतो. मूळ फियाट ११००ला तो नव्हताच, आणि पद्मिनी तिचाच इथला अवतार, आपल्या कुर्ल्यात बनलेला. या गाडीला बूस्टर मागाहून कुणीतरी चढवला. आता त्याचा पडदा फाटलाय. इंजिन त्यातून हवा खेचतं आणि थरथरतं.

२०२३च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईतून गेल्या. ज्या खासगी उरल्यात, त्या तरी होत्या तशा राहाव्यात.

(बूस्टर बाहेर येतो. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, भोकाला बूच.)

नुसता डबा काढून भागत नाही. खरं काम पेडलचं. पेडलचा दांडा २४ सेंटीमीटर धरा. पुशरॉड, म्हणजे पेडलचा जोर पुढे ढकलणारी सळई, खिळीपासून (जिच्यावर पेडल फिरतं) ६ सेंटीमीटरवर असेल, तर पायाचा जोर चौपट होतो. ४ सेंटीमीटरवर आणला, की सहापट. २० किलोच्या जोराचे ८० ऐवजी १२० किलो.

दुसरा बदल मास्टर सिलिंडरचा; ब्रेकच्या तेलावर दाब देतो तो हा. ७/८ इंच बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, गेला, ३/४चा आला. बोअर बारीक, म्हणून तेवढ्याच जोरात तेलाचा दाब साधारण ३६ टक्के जास्त. पेडल मात्र आणखी खोल जातं.

(फीलर गेज, फट मोजायची पातळ पट्टी, जवळून.)

पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये ही किंचित मोकळीक हवीच. नसली तर तेल परतत नाही, ब्रेक धरून राहतात, ड्रम तापतात.

बूस्टरशिवाय निभतं ते या ड्रममुळेच. ड्रम चाकाबरोबर फिरतो, शू त्याला आतून दाबतात. चाकाच्या फिरण्याबरोबर एक शू आपोआप ड्रममध्ये ओढला जातो आणि पकड वाढवतो.

(मागचं डावं चाक. प्लास्टिकची नळी, बाटली.)

आता तेलातली हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. “दाब... धरून ठेव.” निप्पल उघडतं, बुडबुडे येतात, निप्पल बंद. “आता सोड.” बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

(केम्प्स कॉर्नरचा उतार.)

पेडल जड लागतं, गुडघेदुखी असलेल्यानं हा बदल करू नये; आणि आरटीओत आधी विचारून घ्यावं.

पण बघा, चारही चाकं सरळ रेषेत थांबली. शूवरचे नवे लायनर, म्हणजे घासणारं अस्तर, ड्रमला बसले, की मिस्त्री शूची सेटिंग पुन्हा एकदा करतील.