एक भाषा बोलताना दुसरी कुठं जाते?

मंडळी, नमस्कार. विषय फळ्यावर लिहिलाय, दोन भाषा बोलणारा माणूस आपलं लक्ष कसं सांभाळतो. त्यावर येतोच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, ती मनात खदखदतीय.

माझ्या भाचीचा मुलगा पहिलीत आहे. शाळेचं नाव घेत नाही. दिवाळीनंतर त्याच्या डायरीत शेरा आला की घरी फक्त इंग्लिशच बोला, मराठी बंद, पोरगं कन्फ्यूज होतंय. त्या आधी हा गडी रात्री आज्जीच्या मांडीवर बसून सगळं कार्टून सांगायचा, "आज्जी, तो डायनासोर ना, त्यानं सगळी बिल्डिंगच क्रश केली, मग पोलीस पळाले," आणि आज्जी विचारायची, मग रे? आता काय होतंय बघा. आज्जी म्हणते भाकरी वाढू का, पोरगं आधी आईकडं बघतं, आईनं मान हलवली की "येस" म्हणतं. आज्जीला येस-नो कळतं हो, पण येसच्या पुढं काय? कार्टून बंद झालं. पंधरा दिवसांत आज्जी त्याच्याशी बोलायचीच थांबली, आपल्यामुळं पोराचं नुकसान नको म्हणून. मला या गोष्टीचा फार राग येतो आणि तो लपवायचा माझा अजिबात विचार नाही.

कारण पोरगं कन्फ्यूज नव्हतंच. क्रश केली म्हणताना 'केली' हे क्रियापद मराठी, वाक्य मराठी, आज्जी समोर आहे हे त्याला पक्कं ठाऊक. हेच कार्टून शाळेतल्या मित्राला सांगताना तो वेगळं वाक्य काढायचा. माँट्रियलच्या संशोधकांनी १९९५ साली फ्रेंच-इंग्लिश घरातली पोरं तपासली, दोन वर्षांच्या आसपासची, तीसुद्धा समोर आई आहे का बाबा हे बघून भाषा निवडत होती. दोन वर्षांची! आणि आपण पहिलीतल्या पोराला गोंधळलेला म्हणतोय.

बरं, आता तुमची परीक्षा. मोबाईल नंबर इंग्लिशमध्ये सांगणारे किती, हात वर करा. सगळेच. आणि मंडईत भाजीचा हिशेब इंग्लिशमध्ये करणारे? ताई, तुम्ही हात वर केलात, पण मेथीची जुडी ट्वेंटी म्हणून घेतलेली मी अजून तरी बघितली नाही. हसताय म्हणजे पटतंय.

आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत एका आडत दुकानात मी पुष्कळदा जाऊन बसतो. तिथले दिवाणजी बघण्यासारखे आहेत. समोर जमखंडीकडचा शेतकरी, त्याच्याशी कन्नड. फोनवर राजस्थानी व्यापारी, त्याच्याशी हिंदी. हमालाला हाक मराठीत. आणि हातात पट्टी, तिच्यावर पोत्यांची वजनं. शेतकरी बोलतच असतो, मग दिवाणजी डावा हात वर करतात, थांब म्हणून, ओठ हलतात, चव्वेचाळीस नि त्रेपन्न, सत्त्याण्णव, बेरीज लिहितात आणि मग तो आकडा त्याला कन्नडमध्ये सांगतात. बेरीज मराठीतच होते, कारण पाढे मराठीत पाठ झालेले. तो वर केलेला हात मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरचा कन्नड आवाज त्यांनी हातानं थांबवला, पण डोक्यातलं कन्नड कशानं थांबवलं?

कारण ती दुसरी भाषा झोपत नाही, हे आता माहितीय. रशियन-इंग्लिश येणाऱ्या लोकांवर १९९९ साली प्रयोग झाला, रशियनमध्ये सांगितलं स्टँप अमुक जागी ठेवा, तो शब्द आहे मार्का, तर नजर क्षणभर टेबलावरच्या मार्कर पेनकडं गेली. इंग्लिशचा कुणी विषयही काढला नव्हता. म्हणजे दोन्ही जाग्या, आणि एकीला दाबून धरावं लागतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ साली हेच मांडलं. आणि पुढच्याच वर्षी म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी पडद्यावर नुसते आकडे दाखवले, मागचा रंग बदलला की भाषा बदलून आकडा म्हणायचा. सगळ्यांना वाटेल कच्च्या भाषेत जायला जास्त वेळ लागेल. उलटं निघालं! परत आपल्या पक्क्या भाषेत यायला जास्त वेळ लागला, कारण पक्की भाषा जोर लावून दाबलेली असते, ती लगेच सुटत नाही.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं. म्हणजे मूळ मुद्दा आता पळवावा लागणार.

भाषा किती येतात हे विचारूच नका, त्या कुठं आणि कशा वापरता ते विचारा. ग्रीन आणि अबुतालेबी यांनी २०१३ साली तीन तऱ्हा सांगितल्या. घरी एक, ऑफिसात दुसरी, ही एक. एकाच जागी दोन्ही, पण माणूस बघून बदलायची, ही दुसरी, म्हणजे आपले दिवाणजी, आणि लक्षाला सगळ्यात ताण हिच्यात. तिसरी आपली घरची सरमिसळ, हिच्यात दाबायचं काम कमी, दोन्ही भाषा हाताशी. पोराला हे तिन्ही मिळायला पाहिजे, शाळेच्या त्या शेऱ्यानं तिन्ही बंद केले, घरी-शाळेत एकच इंग्लिश.

दुसरं, हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाचे पेशंट तपासले, २०१३ सालीच. दोन भाषावाल्यांना आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, निरक्षर लोकांतसुद्धा. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत केनेथ पाप यांना दोन भाषावाल्या विद्यार्थ्यांत लक्षाचा काहीच फायदा दिसला नाही. भांडण अजून चालू आहे. मला वाटतं दोघं वेगवेगळ्या तऱ्हेचे लोक मोजतायत, नुसतं दोन भाषा येतात म्हणून सगळे एका रांगेत कसे बसतील.

आणि कुपवाड! त्यावर तासभर बोलायचं होतं. गम्पर्झ आणि विल्सन या भाषेच्या अभ्यासकांचा १९७१ चा लेख जगभर शिकवतात, आपल्या शेजारच्या गावावरचा. कन्नड, मराठी, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून वाक्याची घडण इतकी सारखी झाली की बरंचसं नुसते शब्द बदलून चालायचं. माझं म्हणणं असं की गावानं मिळून डोक्यावरचं ओझं कमी करून ठेवलं होतं.

तेव्हा आपल्या कॉलेजातल्या सायकॉलॉजीच्या पोरांनी तो आकड्यांचा प्रयोग मार्केट यार्डात करावा, मिरजेतल्या दवाखान्यांच्या केसपेपरच्या खिडकीवर करावा, तिथं तर दिवसभर कन्नड-मराठी चालतं. एक लॅपटॉप पुरतो. दिवाणजींना तयार करायचं माझ्याकडं लागलं, फक्त सौदे चालू असताना जाऊ नका.