बर्क हुजूर पक्षाचा कधी झाला?

नमस्कार श्रोतेहो.

ब्रिटिश पुराणमतवादाचा जनक कोण, असं राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: एडमंड बर्क. १७९० साली फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडणारं पुस्तक लिहिणारा. पण हा बर्क हयातभर व्हिग, म्हणजे पुढे ज्यातून लिबरल पक्ष निघाला त्या गटाचा, होता. अमेरिकन वसाहतींची कड त्याने पार्लमेंटात घेतली, वॉरन हेस्टिंग्जला महाभियोगाच्या पिंजऱ्यात उभं केलं. १७९७ मध्ये तो वारला. मग हुजूर पक्षाने, म्हणजे ब्रिटनच्या पुराणमतवादी पक्षाने, त्याला आपला मूळपुरुष मानलं कधी?

इतिहासकार एमिली जोन्स यांनी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांचं पुस्तक २०१७ साली ऑक्सफर्डने काढलं. बर्क काय म्हणाला यापेक्षा १८३० ते १९१४ या काळात लोकांनी त्याला कसं वाचलं, हे त्या शोधतात. विचारांचा इतिहास असाच लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

बर्क एका साच्यात बसणारा नव्हताच. राघोबादादांचा वकील हणमंतराव १७८१ मध्ये लंडनला होता. त्याची आबाळ पाहून बर्कने त्याला बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि पूजाअर्चा, स्वयंपाक त्याच्या धर्माप्रमाणे करता यावा म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं. परक्याच्या रूढीचा इतका मान राखणाऱ्याला उदारमतवादी म्हणावं की परंपरेचा पाईक? दोन्ही बाजू त्याच्यावर हक्क सांगू शकत होत्या, आणि तसंच झालं.

निमित्त आयर्लंडचं. १८८५ च्या डिसेंबरात लिबरल पक्षाचे नेते ग्लॅडस्टन बर्क वाचत होते. आयर्लंड आणि अमेरिकेविषयीच्या शहाणपणाचं हे कोठार आहे, असं त्यांनी डायरीत लिहिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आयर्लंडसाठी होमरूलचं विधेयक आणलं. गंमत नव्हे, खरोखर, विरोधकांच्या हातातही बर्कच होता! एकसंध राज्य, हळूहळू वाढत आलेली राज्यघटना, घाईच्या बदलांचं भय, हे सगळं त्यांना त्याच्यात सापडलं. ग्लॅडस्टन यांचेच ९३ खासदार उलटले आणि विधेयक पडलं.

हे फुटलेले लिबरल पुढे हुजूर पक्षाकडे सरकत गेले आणि त्यांच्यासोबत त्यांचा बर्कही गेला. १९१२ मध्ये या फुटलेल्यांचा पक्ष आणि हुजूर पक्ष रीतसर एक झाले. त्याच साली लॉर्ड ह्यू सेसिल यांनी पुराणमतवादावर सामान्य वाचकांसाठी छोटेखानी पुस्तक लिहिलं. त्यात बर्क या विचाराचा पहिला आणि थोर गुरू म्हणून उभा आहे. व्हिग बर्कची ओळख तोवर मागे पडली होती.