वाळवंटात जायच्या आधी गाडीला दुसरी टाकी बसवताना

मंडळी, बोलावलंत त्याबद्दल आधी आभार. इथे ॲडलेडला आपल्या बऱ्याच जणांकडे आता फोर बाय फोर आहे आणि दर हिवाळ्याच्या तोंडावर कुणीतरी मला विचारतंच, दादा, सिम्प्सनचं वाळवंट पार करायचंय, किती लिटरची टाकी बसवू? मी म्हणतो आधी कुठून कुठे जाणार ते सांगा, रस्ता ठरला की लिटर आपोआप ठरतात.

तर हिशोब करूया. वाळवंटाच्या पश्चिमेला माउंट डेअरला टाकी भरायची, मग थेट पूर्वेच्या टोकाला बर्ड्सव्हिल. फ्रेंच लाइन नावाच्या वाळूतल्या वाटेने गेलात तर साधारण साडेपाचशे किलोमीटर, मध्ये पंप नाही, दुकान नाही, आणि हजाराच्या वर वाळूच्या टेकड्या एकामागून एक आडव्या येतात. माझी गाडी लँडक्रूझर एटी सिरीज, ४.२ लिटरचं साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही. हायवेला शंभर किलोमीटरला १३ लिटर खाते. तीच गाडी टायरमधली हवा कमी करून वाळूत घातली की आकडा २२ ते २५ वर जातो. २५ धरा, झाले १३७ लिटर. कंपनीची टाकी ९५ लिटरची, आणि तीही तळापर्यंत ओढली जात नाही. आता समजा पोपल कॉर्नरपर्यंत गेलात, म्हणजे जिथे तीन सीमा मिळतात तिथे, आणि पुढे पाणी साचलंय म्हणून मागे फिरावं लागलं, तर माउंट डेअरला परत यायला धरून एकूण १९० लिटरच्या घरात जातं. म्हणून मी ११० ची दुसरी टाकी घेतली. मिळून २०५. गाडीत बायको आणि दोन मुलं असतात, तिथे मी नशिबावर काही सोडत नाही.

कॅनमध्ये नेऊ का, असं बरेच जण विचारतात. पाच कॅन छपरावर म्हणजे ऐंशी-नव्वद किलो वजन गाडीच्या डोक्यावर, आणि वाळूच्या उतारावर गाडी जरा तिरकी झाली की ते वजन तिला पाडायलाच बघतं. वजन जितकं खाली तितकं बरं, म्हणून चेसिसच्या खाली टाकी.

एटी सिरीजला मागच्या बाजूला खाली स्टेपनी लटकलेली असते. ती जागा मोकळी करून तिथे टाकी बसते आणि स्टेपनी मागच्या बंपरवर, उघडणाऱ्या हातावर जाते. ऐकायला सोपं आहे पण वजनाचं गणित मांडा. डिझेल लिटरला ८४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ११० लिटरचे ९२ किलो, टाकीचा पत्रा आणि ब्रॅकेट वेगळे, आणि स्टेपनी अजून मागे सरकली ती वेगळीच. हे सगळं मागच्या ॲक्सलच्या मागे, म्हणजे तरफेसारखं, मागची बाजू दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग सैल वाटायला लागतं, हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर जातात. तेव्हा मागच्या स्प्रिंगा बदलायच्या, आणि गाडी सगळ्या सामानासकट, पाण्यासकट, माणसांसकट काट्यावर चढवून बघायची की जीव्हीएमच्या, म्हणजे गाडीला परवानगी असलेल्या एकूण वजनाच्या, आत आहे का. काटा न करता निघणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, एवढा खर्च करून गाडी ओव्हरलोड चालवायची आणि उद्या काही झालं की इन्शुरन्सवाले हेच पहिल्यांदा काढणार.

टाकी घेताना आतून बघा. मोठ्या टाकीत आडवे पत्रे हवेत, नाहीतर अर्धी भरलेली टाकी ब्रेक मारला की अशी डुचमळते की गाडीला धक्के बसतात आणि वेल्डिंगच्या जोडांवर ताण येतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आतून नको, जस्ताची डिझेलशी रिॲक्शन होऊन साबणासारखा गाळ धरतो आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. नवी टाकी असली तरी थोडं डिझेल घालून खळखळून धुवायची. माझ्या नव्याकोऱ्या टाकीतून वेल्डिंगचे बारीक मणी आणि चिमूटभर लोखंडाचा कीस निघाला होता, मॅग्नेट फिरवला तर त्याला मिशा फुटल्या. ते सगळं पंपात गेलं असतं.

आणि जुनी वापरलेली टाकी कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. रिकाम्या टाकीत वाफ राहते, पेट्रोलचीच नव्हे, डिझेलचीही, आणि ती माणूस मारते.

बसवताना ब्रॅकेट घट्ट आवळली की काम झालं असं वाटतं. पण एक चाक वर एक चाक खाली असं चालताना चेसिस पिळवटतं, आणि टाकी चार कोपऱ्यांवर करकचून बांधलेली असेल तर तो पीळ टाकीत उतरतो. रबरी बुश हवेत, थोडी हालचाल हवी. पहिल्या ट्रिपनंतर मी खाली झोपून बघत होतो, सगळी टाकी लाल धुळीने माखलेली आणि एका ब्रॅकेटच्या मुळाशी बोटभर जागा काळी, ओलसर. पुसली तर खाली केसाएवढी चीर. थेंबसुद्धा पडत नव्हता, धूळच डिझेल पीत होती. तेव्हापासून मी टाकी धुवायच्या आधी नीट बघतो, गळती धुळीवरच दिसते.

मागचा ॲक्सल पूर्ण वर, बंप स्टॉपला म्हणजे त्याला अडवणाऱ्या रबराला टेकेपर्यंत उचलून डिफ (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) आणि पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा धरणारा दांडा) टाकीला लागतात का ते तपासा. सायलेन्सरचा पाइप जवळ असेल तर वळवून घ्या, किमान उष्णता अडवणारा पत्रा तरी लावा.

आता ब्रीदर, म्हणजे टाकीची हवेची नळी. आज मला खरं बोलायचंय ते यावरच, कारण यावर कुणी बोलत नाही. टाकीत डिझेल येतं तेव्हा आतल्या हवेला बाहेर जायला वाट लागते, आणि डिझेल संपत जातं तेव्हा हवा आत यायला लागते. माझी टाकी एका वर्कशॉपमधून बसवून घेतली होती. निघायच्या दोन दिवस आधी पंपावर गेलो, नोझल लावला, टक करून बंद. परत दाबला, चार-पाच लिटर गेले की परत टक. मागे रांग, आणि मध्येच नळीतून डिझेल उसळून हातावर. ११० लिटर भरायला अर्धा तासाच्या वर गेला. घरी येऊन जॅक लावला, तर ब्रीदरची नळी जरा लांब ठेवली होती आणि चेसिसच्या खाली झोळीसारखी लोंबत होती. त्या झोळीत डिझेल साठलेलं, बेसिनखालच्या वळणात पाणी राहतं ना तसं, आणि हवेची वाट बंद. नळी वीतभर कापली, टाकीपासून वरपर्यंत सतत चढती केली, टाकी दहा मिनिटांत भरली.

त्या नळीचं तोंड कुठे ठेवायचं हेही महत्त्वाचं. फिलरच्या, म्हणजे डिझेल भरायच्या तोंडाच्या, उंचीच्या वर, बॉडीच्या आत. तोंड खाली असेल आणि तुम्ही तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात घातलीत तर टाकी एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ती सरळ पाणी ओढून घेते. रोलओव्हर व्हॉल्व्हही लावा, गाडी आडवी झाली तर तिथून डिझेल वाहू नये म्हणून. आणि नळी इंधनाचीच हवी, हीटरची किंवा पाण्याची नळी डिझेलने फुगते, मऊ पडते, क्लॅम्पमधून सुटते.

इंजिनपर्यंत डिझेल न्यायच्या दोन पद्धती आहेत. एकीत स्विचने टाकी बदलते, पण डिझेल इंजिन वापरलं न गेलेलं डिझेल परत पाठवतं, तेव्हा व्हॉल्व्हने जाणारी आणि परतीची अशा दोन्ही लाइनी बदलायला हव्यात. परतीची बदलली नाही तर दुसऱ्या टाकीतलं डिझेल गुपचूप पहिलीत जाऊन वरून सांडतं. मला दुसरी पद्धत आवडते, छोट्या पंपाने दुसरीतलं पहिलीत ओतायचं, इंजिनच्या मूळ लाइनीला हातच लावायचा नाही. पहिली अर्धी झाली की पंप चालू. मी घड्याळ लावून ठेवतो, डॅशबोर्डवर लाल दिवा आहे, कारण पंप चालू राहिला तर पहिली ओसंडते. लाइन फिलर नेकला वरच्या बाजूने जोडा, खालून जोडली तर सायफन होऊन उलटं येतं. पंपाच्या आधी एक फिल्टर, बॅटरीजवळ फ्यूज, टाकीला अर्थिंगची वायर. पंप वाळवंटात मेला तर हाताने दाबायचा रबरी फुगा आणि दोन मीटर नळी मी जवळ ठेवतो.

दोन टाक्या वेगळ्या असण्याचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. कुठल्या तरी लांबच्या ड्रममधलं पाणी मिसळलेलं डिझेल मिळालं तर सगळं बिघडत नाही, निम्मं चांगलं उरतं. पण दुसरी टाकी महिनोन्महिने भरून ठेवू नका, पाणी सुटतं, त्यात बुरशी धरते आणि काळा चिकट थर फिल्टर बंद करतो. गावात फिरतानाही वापरत राहा.

पेट्रोल गाडीबद्दल कुणीतरी विचारलं. तिच्यात वाफ धरायचा कॅनिस्टर असतो, सगळं वेगळं आहे, घरी करू नका. इथे गाडीतले बदल व्हीएसबी १४ या ऑस्ट्रेलियाच्या नियमावलीप्रमाणे बघितले जातात, तुमच्या कामाला सर्टिफिकेट लागेल का ते आधी विचारून घ्या. आणि पुण्यातल्या भावाच्या थारला असंच करू का म्हणणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, तिकडे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल आपल्या मनाने करता येत नाही.

बसवून झालं की रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर मोजून घाला आणि काटा कुठे येतो ते लिहून ठेवा, गेज कधीच सरळ चालत नाही. पाचशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत पान्ह्याने आवळा. माझी गाडी बाहेर उभी आहे, खाली सतरंजी टाकलीय, टॉर्च आणलाय. ती चीर जिथे होती तिथला वेल्डिंगचा जोड आणि ब्रीदरची नळी दोन्ही दाखवतो, चला.