लाईट गेल्यावर टँकला काय लागतं

मंडळी, आगोटीला अजून अवकाश आहे म्हणून लाईट गेल्यावर माशांचा टँक कसा सांभाळायचा, हा विषय आत्ता घेतोय. जुलैत ठेवला असता तर बोलायला माईक चालू मिळाला असता की नाही, शंकाच होती.

आपल्याकडे लाईट जाण्याची कारणं तुम्हाला पाठ आहेत. माडाची झावळ तारांवर येते, फणसाची फांदी मोडते, डोंगरातून आलेल्या लाईनवर कुठेतरी वीज पडते. खाडीकाठच्या गावांत तर खारा वारा खांबावरच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवून ठेवतो आणि पहिली भुरभुर पडली की ठिणग्या उडून फीडर, म्हणजे गावाला वीज आणणारी लाईन, बसतो. ही रोजची रड झाली. दुसऱ्या टोकाला ‘निसर्ग’ चक्रीवादळ. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं आणि दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी वाड्यांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. आता दोन तासांनाही पुरेल आणि तीन आठवड्यांनाही पुरेल, असा एकच बॅकअप काही बाजारात मिळत नाही. दुकानात लोक विचारतात, “आमचा टँक किती वेळ चालेल?” अहो, टँक चालवायचाय कुणाला? दिवे बंद राहिले तर राहू देत, पाणी चार दिवस जरा गढूळ दिसलं तर दिसू दे. माशांचा श्वास चालू राहिला की झालं. एवढी एक गोष्ट पक्की धरली की निम्मा खर्च वाचतो.

लाईट गेल्यावर पाण्यात नेमकं काय होतं ते आधी बघू. ३० अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. २० अंशाला नऊच्या वर मावतो. म्हणजे मे महिन्यात पाणी एकतीस-बत्तीसला पोचतं तेव्हा शिल्लक मुळातच कमी असते. १०० लिटरचा टँक घ्या: एकूण ७५० मिलिग्रॅम. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक मासे वर येऊन तोंड मारायला लागतात, तेव्हा वापरता येण्याजोगे धरा ४५०. असे छोटे मासे किलोमागे ताशी ३०० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन ओढतात असं मानलं, तर पाव किलो माशांना तासाला ७५ लागेल. सहा तासांत खेळ आटोपला. पाण्याच्या पृष्ठभागातून थोडा ऑक्सिजन आत येत राहतो, हे खरं. पण फिल्टरमधले जिवाणू, तळाचा गाळ, खाल्ल्याविना राहिलेले दाणे, सगळेच त्यात वाटेकरी. झाडं लावलेली असतील तर अंधारात तीही ऑक्सिजन घेतातच. त्यामुळे झाडांच्या टँकमध्ये सर्वांत वाईट वेळ पहाटेची, उजाडण्याआधीची. ही वेळ लक्षात ठेवा, इन्व्हर्टरपाशी ती पुन्हा येणार आहे.

मासा कुठला हेही बघायला हवं. फायटर आणि गुरामी वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात. मरळ बादलीत किती वेळ जिवंत राहते, हे तर इथे कुणाला शिकवायला नको. असे मासे असतील तर रात्रभर लाईट गेली म्हणून जीव टांगणीला लागत नाही. गोल्डफिशचं उलट आहे. मोठा, खादाड, घाण जास्त करणारा, आणि नेमका तोच आपण नातवंडांसाठी दोन फुटी टँकमध्ये सहा-सहा ठेवतो. सहा गोल्डफिशवाल्याने बॅकअपचा विचार करण्याआधी तीन गोल्डफिश कुणाला तरी देऊन टाकावेत. हसू नका, यापेक्षा स्वस्त बॅकअप नाही.

आता इन्व्हर्टर. मागून कुणीतरी मघाशीच म्हणालं, “आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, मग काळजी काय?” घरोघरी असते ती १५० एएचची (ॲम्पियर-तास), १२ व्होल्टची ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरी. गुणाकार केला की कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी लांब टिकवायची तर निम्म्यावर थांबावं, म्हणजे हातात ९००. त्यावर दोन पंखे लावले की १५० वॅट गेले. शिवाय इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस वॅट खातो, काही जोडलेलं नसलं तरी खातो. आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा बिचारा एअर पंप, पाच वॅट. पावणेदोनशे वॅटला ९०० किती वेळ पुरणार? पाच तास. रात्री अकराला लाईट गेली तर पहाटे चारला बॅटरीने मान टाकलेली असते, आणि मघाशी सांगितलेली वाईट वेळ तेव्हाच सुरू होते. घरातली माणसं उकाड्याने जागी होऊन पडवीत येऊन बसतात. माशांना पडवी नाही.

पंखे बंद ठेवून नुसता पंपच चालवला तर? तरी इन्व्हर्टरचे वीस आणि पंपाचे पाच, मिळून पंचवीस. ९०० ला पंचवीसने भागा, छत्तीस तास. घोटभर चहासाठी बंब पेटवावा तसा हा हिशेब आहे. त्याच बॅटरीवर १२ व्होल्ट डीसीचा, म्हणजे बॅटरीच्याच विजेवर चालणारा, पाच वॅटचा पंप थेट जोडा, मध्ये इन्व्हर्टर नको. १८० तास, म्हणजे सात दिवसांच्या वर. बॅटरी तीच आणि पाण्यात बुडबुडे सोडणारे वॅटही तेवढेच. माझं सांगणं एवढंच आहे की टँकचा बॅकअप घराच्या बॅकअपपासून वेगळा ठेवा, छोटा ठेवा आणि डीसी ठेवा.

आणखी एक. जुने स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात, म्हणजे त्यांची वीज लाईनच्या विजेसारखी गुळगुळीत लाटेची (साइन वेव्ह) नसते. त्यावर चुंबकाच्या मोटरचे फिल्टर आणि थरथरणारे एअर पंप गुरगुरतात, तापतात. हात लावून बघा, फरक कळतो. साइन वेव्ह असेल तर ही तक्रार नाही.

मग घ्यायचं काय? सर्वांत सोपा यूएसबीचा एअर पंप, एक-दीड वॅटचा. १०,००० एमएएचची पॉवर बँक ऐकायला मोठी वाटते, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. वॅट-तास होतात ३७, पाच व्होल्टला चढवताना काही जातात, हाती तीस धरा. एक वॅटचा पंप त्यावर दिवसभर आणि वर थोडा वेळ चालेल. यात एक मेख आहे. पुष्कळ पॉवर बँकांना वाटतं, इतका कमी करंट जातोय म्हणजे फोन भरला, आणि त्या आपणहून बंद होतात. दिवा विझतो, बुडबुडे थांबतात, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत निर्धास्त. म्हणून घेतल्यावर पंप जोडून निदान दोन तास चालवून बघा. कमी करंटसाठी वेगळी सोय असलेल्या पॉवर बँका मिळतात, त्यांत बटण दोनदा दाबावं किंवा दाबून धरावं लागतं.

पण पॉवर बँक जोडायला माणूस घरी हवा. आपल्याकडे निम्म्या घरांत आई-वडील एकटे, मुलगा मुंबईला. किंवा उलट, चाकरमानी गणपतीला गावी आलेला आणि डोंबिवलीचा फ्लॅट, टँकसकट, आठ दिवस बंद. शिवाय गावाची लाईट असते आणि तुमच्याच घरची नसते, असंही होतं. वीज कडाडली, ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडला, शेजाऱ्यांकडे टीव्ही चालू, तुमच्याकडे काळोख. कुणाला कळणार? तेव्हा आपोआप सुरू होणारं काहीतरी लागतंच. आतच लिथियम बॅटरी असलेले एअर पंप मिळतात, ते प्लगला लावून ठेवायचे. लाईट गेली की सुरू. घेताना ऑटो मोड आहे का ते विचारा, सगळ्यांत नसतो. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा टप्प्याटप्प्याचा मोड असेल तर बॅटरी जवळपास दुप्पट पुरते.

माझी स्वतःची आवड मात्र वायफाय राउटरच्या छोट्या यूपीएसला. घरून काम सुरू झालं तेव्हा पुष्कळांनी घेतले, आता कपाटात पडलेत. तो १२ व्होल्ट डीसी देतो, लाईट गेल्यावर क्षणाचाही खंड पडत नाही. साठवण साधारण २५ ते ३० वॅट-तास, तीन वॅटचा डीसी पंप आठ तासांच्या आसपास निघतो. पिनचा आकार आणि अधिक-उणे जुळतंय का तेवढं बघून घ्या. कॉम्प्युटरचा यूपीएस त्यापेक्षा वाईट. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, स्वतःचाच खर्च भारी, रात्रभर पीं पीं, आणि काही मॉडेलं भार कमी दिसला की बंद होतात. तीच ७ एएचची बॅटरी बाहेर काढून डीसी पंपाला दिलीत तर निम्म्या साठ्यावरही तीन वॅटला चौदा तास देईल. फक्त मध्ये फ्यूज घाला.

बॅटरी कुठलीही असो, समुद्राकाठी टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढतेच. गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, वर व्हॅसलीन लावा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. पंप थांबला की टँकचं पाणी नळीतून उलटं येतं, आणि खाली बोर्ड असतो. वायरही प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे थेंब झोळाला गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

सोलरबद्दल थोडक्यात सांगतो. उन्हाळ्यात उत्तम. पण ज्या आषाढात आपल्याला गरज, त्याच आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बॅटरीला जोड म्हणून पॅनल ठेवा, भरवसा ठेवू नका.

जनरेटरवर मात्र जरा थांबतो. पावसाची सर येते म्हणून लोक तो पडवीत ओढतात, मागचं दार लावून घेतात. पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठत नाही. जनरेटर बाहेरच, दारं-खिडक्यांपासून लांब, वर पत्र्याचा आडोसा करून. दुसरं, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा, हा प्रकार मी पाहिलाय. मेन स्विच पाडायला विसरलात की ती वीज तुमच्या मीटरमधून उलटी ट्रान्सफॉर्मरवर जाते, तिथे दाब वाढतो, आणि ज्या तारा मेल्यात असं समजून वायरमन खांबावर चढलाय त्या जिवंत होतात. माशांसाठी माणूस मारायचा नाही. चेंजओव्हर स्विच, म्हणजे लाईन किंवा जनरेटर यांतलं एका वेळी एकच जोडणारा, बसवा, नाहीतर पंप जनरेटरला थेट लावा.

वादळासारखा लांबचा प्रसंग आला तर यंत्रांचा भरवसा संपतो. पेट्रोल पंपालाही लाईट लागते. तेव्हा खाणं पूर्ण बंद. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी आरामात राहतात. खाणं नाही म्हणजे अमोनिया कमी, ऑक्सिजनचा खर्चही कमी. दर दोन-तीन तासांनी तांब्याने पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतायचं, दहा-पंधरा मिनिटं. रोज पाव टँक पाणी बदलायचं. आपल्या विहिरीत क्लोरीन नाही, ही सोय. पण जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं, आणि ताजं काढलेलं असेल तर त्यात ऑक्सिजनही कमी असू शकतो. एका बादलीतून दुसरीत दोन-चारदा ओतून मगच घाला. अगदी किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी आधी चाखून बघा.

खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे दोघे-तिघे इथे दिसतायत. तुमच्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा वीसेक टक्के कमी मावतो, तेव्हा तुमचा बॅकअप सर्वांत आधी. पंप थांबल्यावर वरचं पाणी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या टाकीत, उतरतं, ते मावतं का, हे आजच स्विच पाडून बघा.

लाईट परत आली की लगेच सगळं चालू करू नका. पहिली दहा मिनिटं ती येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर रात्रभर थांबला असेल तर आतले जिवाणू गुदमरतात, झाकण उघडलंत की नासक्या अंड्याचा वास येतो. तसाच सुरू केलात तर ते पाणी थेट माशांच्या अंगावर. आधी उघडा, आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा, मग लावा. टँकमध्ये उघडा असलेला, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर असेल तर ही भानगडच नाही. बॅकअपचे बुडबुडे त्याच्यातूनच सोडा, मासेही जगतात आणि फिल्टरही.

टेबलावर चार प्रकारचे पंप मांडलेत, हाताळून बघा. कुणी पॉवर बँक सोबत आणली असेल तर द्या इकडे. आत्ताच लावून ठेवू, चहा होईपर्यंत ती बंद पडते का ते बघू.