शेवट कळला नाही, तरीही

[दृश्य: काळा पडदा. श्रेयनामावली वर सरकते आहे. टाळ्यांचा आवाज.]

या सिनेमाबद्दल जो तो एकच सांगतो: शेवट ओळखून दाखवा. खरंय ते. मलाही ओळखता आला नाही. पण दिवे लागले तेव्हा थक्क व्हायच्या ऐवजी मी चिडले होते. एवढी वाट पाहिलेला, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला रहस्यपट आपल्यालाच का खटकला, ते कळेना. म्हणून तो पुन्हा पाहिला. नाव घेत नाही, कारण शेवट उघड केल्याशिवाय मला काही बोलताच येणार नाही.

पहिला तास खरोखर सुरेख आहे. आतून बंद असलेलं घर, आत एक प्रेत आणि तपासाला आलेला एक थकलेला अधिकारी. दिग्दर्शकाला कसलीही घाई नाही. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. अधिकारी टेबलाचा खण उघडतो, त्यातून घडी घातलेली एक पावती काढतो, वाचतो, पुन्हा तशीच घडी घालून ठेवतो. कॅमेरा त्या पावतीवर रेंगाळतो. आपण सावरून बसतो. हे लक्षात ठेवायला हवं, असं मनाशी म्हणतो.

त्या पावतीचा उल्लेख पुढे एकदाही येत नाही.

[दृश्य: रिकामी खोली. टेबलावर फोन.]

शेवटी उलगडा होतो तो असा: खुनी तो अधिकारीच. सगळं थिएटर हबकतं. मीही हबकले. पण आता मध्यंतरापूर्वीचा एक प्रसंग बघा. रात्र आहे, अधिकारी घरी एकटा आहे. फोन वाजतो. दुसरा खून झाल्याची बातमी येते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ. आधी चेहरा कोरा, मग डोळे विस्फारतात, श्वास अडकतो, हात चाचपडत टेबलाची कड धरतो. फोन ठेवून तो तोंडावर हात घेऊन बसून राहतो.

खोलीत दुसरं कुणीही नाही. हा खून त्यानेच केलाय. मग हा दचकला कुणासाठी?

आपल्यासाठी. दुसरं उत्तरच नाही. पात्रांनी एकमेकांशी खोटं बोलावं, पोलिसांशी बोलावं, कोर्टात बोलावं. रहस्यकथा त्यावरच तर चालते. पण रिकाम्या खोलीत, कुणी बघत नसताना माणूस जसा दिसतो, ते आपण खरं मानून चालतो. तिथेच दगा दिला तर प्रेक्षकाने विश्वास ठेवायचा कशावर?

[दृश्य: जुन्या पुस्तकांची कपाटं.]

हे भांडण नवं नाही. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले धर्मगुरू आणि रहस्यकथालेखक. त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. सातवा नियम: तपास करणाऱ्यानेच गुन्हा केलेला नसावा. आठवा: त्याला सापडलेला दुवा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. या सिनेमाने सातवा मोडला, त्याचं मला काही वाटत नाही. चांगल्या लेखकांनी असले नियम हौसेने मोडले आहेत. आठव्यामागची भावना पायदळी तुडवली, राग त्याचा आहे.

अगाथा ख्रिस्तींची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ साली आली, तेव्हा ही फसवणूक आहे, अशी ओरड झालीच होती. पण ते पुस्तक संपवून पुन्हा पहिल्या पानाकडे जा. गोष्ट सांगणारा निवेदकच खुनी आहे, आणि त्याने एका जागी दहा मिनिटं गाळली आहेत. आणि ती गाळताना लिहिलेलं वाक्यसुद्धा शब्दाला शब्द खरं आहे. सुगावा डोळ्यांसमोर होता, तो आपल्याला दिसला नाही. अशी हार मला हजारदा चालेल.

रहस्यपटांचा बादशहा मानला जाणारा दिग्दर्शक, खुद्द हिचकॉकही एकदा या खड्ड्यात पडला होता. १९५०च्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये सुरुवातीलाच एक फ्लॅशबॅक आहे आणि तो सपशेल खोटा निघतो. प्रेक्षकांना ते रुचलं नाही. पुढे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, तेव्हा ती गोष्ट करायला नको होती, हे त्याने स्वतः कबूल केलं. त्याच मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं ते प्रसिद्ध उदाहरण आहे. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे आधीच सांगितलं तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. १९५८च्या ‘व्हर्टिगो’त त्याने तेच केलं. गुपित शेवटाच्या बरंच आधी प्रेक्षकांपुढे उघड केलं. नायकाला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे, आणि तिथून पुढे प्रत्येक भेट बघवत नाही.

आज मात्र सगळा भर त्या पंधरा सेकंदांवर. जाहिरातीत ट्विस्ट, मुलाखतीत ट्विस्ट, शेवट फोडू नका म्हणून विनवण्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा काकणभर जास्तच आवडल्या होत्या. पुढे इतरांच्या प्रयोगांत उलटही दिसलं, त्यामुळे त्यावर फार विसंबायला नको. माझी कसोटी साधी आहे: शेवट माहीत असताना दुसऱ्यांदा बघा. चांगला रहस्यपट तेव्हा जास्त खुलतो. हा मात्र जागोजागी उसवत गेला.

[दृश्य: भराभर बदलणारे तुकडे. कर्कश संगीत.]

शेवटची वीस मिनिटं तर नुसतं स्पष्टीकरण आहे. जुने प्रसंग पुन्हा दाखवतात, पण त्यात पहिल्या वेळी नसलेले शॉट घुसडलेले. हातमोजे आता दिसतात, मागचं दार आता दिसतं. मग प्रेक्षकाने दोन तास डोकं कशाला चालवलं? संगीताबद्दल न बोललेलंच बरं.

[दृश्य: पुन्हा ती खोली. फोन वाजतो.]

वाईट याचं वाटतं की हे सगळं सुधारता येण्याजोगं होतं. नटाने तर जीव ओतलाय. तोच फोन त्याने खिडकीकडे तोंड करून घेतला असता आणि कॅमेरा मागेच थांबला असता, तर आपल्याला फक्त पाठ दिसली असती. “कधी?” एवढाच प्रश्न ऐकू आला असता, मग बराच वेळ काही नाही. तो हादरलाय, असं आपण आपल्याच मनाने ठरवलं असतं. मग दुसऱ्या वेळी कळलं असतं, की बातमी ऐकून त्याने कोण, कुठे, कसं यातलं काहीच विचारलं नव्हतं. प्रेत किती वाजता सापडलं, एवढंच त्याला हवं होतं.