लग्न झालंय का?

[दृश्य: मिरज जंक्शन, सकाळ. डब्यातून उतरणारी माणसं, काखेत एक्स-रेची पाकिटं.]

मिरजेला गाडी लागली की फलाटावर कन्नड आणि मराठी एकाच दमात ऐकू येतं. कुणी बेळगावकडून आलेलं, कुणी विजापूरकडून, कुणी जतहून. दवाखान्यासाठी मिरजेला यायचं, ही या मुलखाची जुनी सवय. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. हाड मोडलं, डोळा अधू झाला, छातीत कळ आली, की माणूस इथं येतो आणि मोकळेपणानं सांगतो. पण शरीराचा एक भाग असा आहे, ज्याबद्दल बोलायला तो इथवर येऊनही घाबरतो. हा माहितीपट त्या भागाबद्दल आहे. आणि डॉक्टरांच्या एका प्रश्नाबद्दल.

[दृश्य: केसपेपर. नाव, वय, गाव. पेन थांबतं.]

"लग्न झालंय का?"

सांगली असो, सातारा असो, ओपीडीत हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो. डॉक्टरांना विचारायचं असतं वेगळंच: तुमचे कुणाशी शारीरिक संबंध आहेत का? तो शब्द तोंडातून निघत नाही, म्हणून लग्न पुढं केलं जातं. रुग्णही लग्नाबद्दलच उत्तर देतो. आणि त्या एका हो-नाहीवर पुढचे सगळे उपचार ठरतात.

पुढं जे रुग्ण दिसतील, ते कुणी एकेक खरे माणूस नाहीत. ओपीडीत वारंवार घडणाऱ्या गोष्टींतून आम्ही त्यांना उभं केलंय.

बावीस वर्षांची मुलगी. सांगलीत शिकायला आहे, कॉट बेसिसवर राहते. ओटीपोटात दुखतंय. लग्न झालंय का? नाही. सोबत मावशी उभी. मग लघवीची साधी तपासणी, दुखणं थांबायची गोळी, घरी जा. गर्भ नळीत राहिला असेल तर? नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. पाळी चुकली असेल आणि पोटात दुखत असेल, तर गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही हे न बघता गर्भधारणेची चाचणी करायची. पाच मिनिटांची गोष्ट आहे. आधी मावशींना प्रेमानं बाहेर बसवायचं, एवढंच.

दुसरा रुग्ण विटा भागातला. इथले गलाई बांधव सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेत, वर्षाकाठी यात्रेला नाहीतर दिवाळीला गावी येतात. लग्न झालंय का? हो, दोन मुलं आहेत. संपलं! धंद्याच्या गावी त्याचे पुरुषांशी संबंध आहेत, हे तो आपणहून कधीच सांगणार नाही. गनोरिया, क्लॅमिडिया हे संबंधांतून लागणारे संसर्ग. गुदद्वारात किंवा घशात झालेला असा संसर्ग बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, आणि नुसत्या लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. ज्या जागी संबंध आला, त्या जागेचा नमुना घ्यावा लागतो. जागा विचारली नाही तर नमुना कुठला घेणार? रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. घरी बायको आहे.

[दृश्य: प्रशिक्षणाची खोली. फळ्यावर खडूनं लिहिलेले शब्द.]

जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पंधरा-वीस जण बसलेत. तरुण डॉक्टर, सिस्टर, समुपदेशक, दोन आशाताई. फळ्यावर शब्द लिहिलेत: गरमी. परमा. धातू जाणं. अंगावरनं पांढरं जाणं. खालची जागा. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या एका डॉक्टरना परमा म्हणजे काय ते ठाऊक नाही. शेजारच्या ज्येष्ठ सिस्टर सांगतात, "लघवीच्या वाटेनं पू येतो ना, सर, तो." गरमी म्हणजे लिंगावर, योनीवर येणारा फोड, चट्टा, पुष्कळदा सिफिलिस. औषधं सगळ्यांना पाठ आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानं लक्षणांप्रमाणे रंगीत किट ठरवून दिलेत. स्रावासाठी करडं किंवा हिरवं, फोडासाठी पांढरं, ओटीपोटातल्या दुखण्यासाठी पिवळं. करड्या किटमधल्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांसमोरच, एकाच वेळी घ्यायच्या असतात. मात्र गरमीचं दुखणं सांगणाऱ्या माणसाचा शब्दच डॉक्टरांना कळला नाही, तर किट कपाटातच राहतं.

मग एकेकानं उभं राहून प्रश्न म्हणायचा आहे. मोठ्यानं. "तुमचे संबंध पुरुषांशी येतात, बायकांशी, की दोघांशीही?" पहिले डॉक्टर हे वाक्य खिडकीकडं बघत म्हणतात. दुसऱ्या मॅडमचा आवाज अर्ध्यावर बसतो. प्रशिक्षक हसत नाहीत, घाईही करत नाहीत. आधी एक वाक्य जोडायला सांगतात: "हे प्रश्न मी सगळ्यांनाच विचारतो. उपचार नीट व्हावेत म्हणून विचारतो. उत्तर द्यायचं नसेल तरी चालेल." सातव्या-आठव्या खेपेला ते वाक्य "ताप किती दिवस आहे?" इतकं सरळ यायला लागतं. मला या खोलीत सगळ्यात जास्त काय भावलं असेल, तर हेच. लाज ही सवय आहे. बोलून बोलून ती जाते.

डॉक्टरांना नुसता दोष देऊन भागणार नाही. त्यांना शिकवलंच असं गेलं. समलिंगी संबंधांना अनैसर्गिक म्हणणारा आणि कौमार्याच्या जुन्या कल्पना परत आणणारा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२४ च्या ऑगस्टअखेर काढला होता. विरोध झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो मागं घ्यावा लागला. तोवर समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाला सहा वर्षं होत आली होती. आणि आपल्या महाराष्ट्रात तर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि मरेपर्यंत याच विषयावर लिहिलं. शंभर वर्षं झाली.

[दृश्य: उसाचा फड, पहाट. खोपटी. मोळी उचलणारी बाई.]

हंगामात वाळवा, कराड, पलूसकडं फडाफडांत टोळ्या उतरतात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईला अंगावरनं जात असतं, खाज असते, कंबर भरून येते. आडोसा नाही, पाणी नाही, खाडा केला तर पैसे कापतात. डॉक्टरकडं गेली तर कित्येकदा एकच सल्ला मिळतो: "पिशवी काढून टाका." बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा वाढला, की २०१९ साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अंगावरनं पांढरं जाण्यामागं बऱ्याचदा गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग असतो. नवऱ्यालाही त्याच वेळी गोळ्या द्याव्या लागतात काय, हे बघायचं असतं. तिशीपुढच्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबलं, की संशयास्पद जागा पांढरी दिसते. कर्करोगाच्या आधीची पायरी अशी पकडता येते. याला मोठं मशीन लागत नाही. बाईला झोपवायच्या आधी तिला काय करणार ते सांगायला लागतं.

हे कसं सांगायचं, ते प्रशिक्षणाच्या खोलीतल्या सिस्टरनी दाखवलं. स्पेक्युलम, म्हणजे आतून तपासताना योनी उघडून धरणारं साधन, कोमट पाण्यातून काढलं, आधी बाईच्या हातात दिलं. "मावशी, हे असं उघडतं. मी सांगितल्याशिवाय लावणार नाही. थांब म्हणालात की थांबणार." पडदा पायाच्या बाजूनंही ओढला. एवढंच. वर्षानुवर्षं सांगितल्याविना बायकांच्या अंगाला हात लावला गेलाय. बलात्कारपीडितेची टू-फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून तपासणी, करणाऱ्याला गैरवर्तनासाठी दोषी धरलं जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाला ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी इतक्या कडक शब्दांत सांगावं लागलं ते उगाच नाही.

[दृश्य: सांगली, गोकुळनगरची गल्ली. दारात बसलेल्या बायका.]

सांगलीकर डॉक्टरांना शिकायचं असेल तर लांब जायला नको. १९९२ च्या सुमारास संग्राम संस्थेनं इथं धंदा करणाऱ्या बायकांसोबत एचआयव्हीचं काम सुरू केलं. पुढं १९९६ साली या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’. निरोधचं वाटप, दवाखान्यात सोबत जाणं, औषध चुकू न देणं, हे त्यांनी एकमेकींसाठी केलं. आमची सुटका करू नका, आमचं ऐका, असं त्या सांगत आल्या आहेत. दवाखान्यात त्यांना नको असतो तो उपदेश. "हे काम सोड" हा सल्ला मिळाला की बाई पुढच्या वेळी येत नाही, आणि सिफिलिसचा फोड न दुखता आपोआप भरून येतो, रोग मात्र आतच राहतो. १९ मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं स्पष्ट केलंय, की धंदा करणाऱ्या बाईवर लैंगिक अत्याचार झाला तर तिला तातडीचे उपचार मिळालेच पाहिजेत. इतर कुठल्याही बाईसारखे.

[दृश्य: केसपेपरची खिडकी. रांग.]

आता खिडकीपाशी या. जत तालुक्यातून आलेली जोगती, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली, बाई म्हणून जगणारी तृतीयपंथी, उभी आहे. हिरवी साडी, कपाळभर भंडारा, आधार कार्डावर पुरुषाचं नाव. खिडकीतून ते नाव मोठ्यानं पुकारलं जातं. सगळी रांग वळून बघते. ती पुढं होत नाही. पदर सारखा करत तशीच बाहेर निघून जाते. डॉक्टरांची भेट व्हायच्या आधीच दवाखान्यानं एक रुग्ण घालवला.

सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालानं स्वतःचं लिंग स्वतः सांगायचा हक्क दिला, तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी २०१९ चा कायदाही आला. पण खिडकीतल्या माणसाला लगेच करता येईल असं काही मराठीतच आहे. "कधी आला?" आणि "कधी आली?" यांत निवड करावी लागते. "कधी आलात?" यात नाही. आपल्या भाषेतलं आदराचं बहुवचन पुरुषालाही चालतं, बाईलाही चालतं, आणि आणखी कुणालाही. नावाऐवजी नंबर पुकारा. आत आल्यावर हळू विचारा, तुम्हाला काय म्हणू?

छोट्या गावात गुपित टिकत नाही, ही खरी भीती असते. आशाताई भावकीतली, कंपाउंडर मामाचा मित्र. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय सांगता येत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला कायदाच तसं म्हणतो. पण कॉरिडॉरमधून "ह्यांना आयसीटीसीत पाठवा" अशी, एचआयव्ही तपासणी केंद्राचं नाव घेऊन, हाक मारली, की कायदा तिथंच मोडला. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालेल्या माणसाकडून संबंधातून लागण होत नाही, हे कित्येक रुग्णांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही. हे सांगताना प्रशिक्षणातल्या समुपदेशकांनी खुर्ची जवळ ओढली होती.

साठीच्या पुढच्यांना तर कुणी विचारतच नाही. साखरेची गोळी लिहून झाली, आजोबा उठले, पडद्याला हात लावला आणि मग वळून म्हणाले, "डॉक्टर, आनि एक..." शुगरमुळं ताठरता जाते हे डॉक्टरांना माहीत असतं. त्यांनी आधी विचारलं असतं, तर आजोबांना पडद्यापाशी थांबावं लागलं नसतं.

[दृश्य: तीच खिडकी, दोन आठवड्यांनी.]

"बेचाळीस नंबर."

जोगती आली. या वेळी सोबत व्हॅम्पची एक बाई होती. आत सिस्टरनी स्टूल भिंतीकडून टेबलाच्या बाजूला घेतला, पडदा ओढला.

"बसा. तुम्हाला काय म्हणू?"

"अक्का म्हना."

"अक्का, मी सगळ्यांना विचारते तेच विचारणार आहे. सांगायचं नसेल ते सांगू नका." सिस्टरनी पेन खाली ठेवलं.

जोगतीनं एकदा पडद्याकडं बघितलं, मग हळूच म्हणाली, "म्हैना झाला बाई. मागच्या जागी फोड आलाय. दुकत न्हाई, पन जात बी न्हाई..."