निरोप कुठे संपतो?

स्क्रीनवर डावीकडे क्लायंट, उजवीकडे सर्व्हर. क्लायंटने दोनदा सेंड केलं: आधी ‘नमस्कार’, मग ‘येतो’. सर्व्हरने एकदाच रिसीव्ह केलं आणि हाती आलं ‘नमस्कारयेतो’.

यात टीसीपीचं, म्हणजे नेटवर्कवरून दोन प्रोग्राममध्ये डेटा पोचवायच्या नियमांचं, काही चुकलेलं नाही. बाइट ओळीने पोचवायचे, एवढंच त्याचं काम. टाकीत दोन कळश्या ओतल्या म्हणून नळातून दोन कळश्या मोजून येत नाहीत.

सुरुवातीला मात्र तसं नव्हतं. डिसेंबर १९७४मध्ये विंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन यांनी टीसीपीचा तपशीलवार मसुदा लिहिला. यातले दलाल आयआयटी मुंबईत शिकलेले. त्या मसुद्यात निरोपाला ‘लेटर’ म्हटलं होतं आणि ते संपल्याची खूणही होती. १९८१च्या आरएफसी ७९३मध्ये, म्हणजे टीसीपीच्या पुढच्या नियमपत्रात, ती खूण उरली नाही. तेव्हापासून सीमा आखायची ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने.

मी ती आखली नव्हती. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालायचं, कारण एकाच मशीनवर निरोप बहुतेक वेळा अख्खा येतो. खऱ्या नेटवर्कवर गेल्यावर निरोप तुटायला लागले. मग दोन सेंडच्या मध्ये स्लीप, म्हणजे थोडा वेळ थांबायची सूचना, टाकून पाहिला. कृपा करून तसं करू नका. चूक फक्त लपते, आणि गर्दीच्या वेळी पुन्हा डोकं वर काढते.

आता तुटणं जवळून पाहू. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, ‘नमस्कार’चे २१ बाइट होतात, प्रत्येक चिन्हाचे तीन. समजा पहिल्या खेपेला दहाच आले. ‘नमस’ मिळालं, आणि ‘स’चा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा एकच बाइट. तो एकटा वाचताच येत नाही.

सीमा आखायचा एक मार्ग म्हणजे शेवटी खूण ठेवणं. ईमेल पाठवायच्या नियमांत, एसएमटीपीत, एकट्या टिंबाची ओळ आली की मजकूर संपतो. पण मजकुरातलीच ओळ टिंबाने सुरू झाली तर पाठवणाऱ्याला पुढे आणखी एक टिंब जोडावं लागतं. म्हणून मला लांबी आधी सांगणं जास्त भरवशाचं वाटतं: चार बाइटांत लांबी, मग मजकूर. लांबी बाइटांची मोजायची, अक्षरांची नव्हे. आणि तिला कमाल मर्यादा हवीच, नाहीतर कुणीही अवाढव्य आकडा पाठवून सर्व्हरची मेमरी खाऊन टाकेल.

पुन्हा स्क्रीनकडे. सर्व्हरने चार बाइट वाचले: शून्य, शून्य, शून्य, २१. मजकुराचे दहा आले, ते बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ठेवले. लूप फिरला, उरलेले अकरा आले. ‘नमस्कार’. पुन्हा चार बाइट, यावेळी १२. ‘येतो’. त्यानंतरच्या रिसीव्हने शून्य दिलं, म्हणजे क्लायंट गेला.